सही डॉक्टरांची, शब्द सिस्टरचा

कोणती लस द्यायची हे कागदोपत्री डॉक्टर ठरवतात. प्रत्यक्षात ते कितीतरी वेळा केबिनबाहेरच ठरून गेलेलं असतं. दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन आई नंबर लागायची वाट बघत असते. सिस्टर कार्ड हातात घेते, बाळाचं वजन करते आणि विचारते, “ताई, साधी द्यायची की पेनलेस?” आई विचारते, “फरक काय?” सिस्टर सांगते, “साधीनं ताप येतो, पाय सुजतो, रात्रभर रडतं बाळ. पेनलेसचा काही त्रास नाही.” सोबत आलेली आजी पर्समधले पैसे मोजायला लागते. जाणूनबुजून त्रासाची लस कोण मागेल? आई आत जाते तेव्हा डॉक्टरांना फक्त लिहायचं उरलेलं असतं.

या संवादात सिस्टरनं फसवलं असं मी म्हणणार नाही. तिला जेवढं सांगितलं गेलं तेवढं तिनं पुढे सांगितलं. पण तिला अर्धंच सांगितलं गेलं होतं.

उरलेलं अर्धं असं आहे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लशीतला डांग्या खोकल्याचा भाग दोन प्रकारचा असतो. एकात अख्खा मारलेला जंतू असतो. दुसऱ्यात त्या जंतूचे निवडक तुकडे असतात. पहिल्या प्रकारानं ताप आणि सूज जास्त येते, दुसऱ्यानं कमी येते. कमी म्हणजे शून्य नव्हे. सरकारी केंद्रात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट मिळणारी पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, पहिल्या प्रकारची. खासगीत काही हजार रुपयांना मिळणारी ‘पेनलेस’ दुसऱ्या प्रकारची. आता जी गोष्ट काउंटरवर कोणी सांगत नाही ती: दुसऱ्या प्रकारच्या लशीनं मिळालेलं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेनं १९९०च्या दशकात पहिला प्रकार सोडून दुसरा घेतला. २०१२ साली तिथे डांग्या खोकल्याचे ४८ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, १९५५ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा. लवकर ओसरणारं संरक्षण हे त्यामागचं एक कारण तज्ज्ञांनी मानलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की ज्या देशांत पहिल्या प्रकारची लस चालू आहे त्यांनी पहिल्या तीन डोसांसाठी तीच चालू ठेवावी.

हे सगळं ऐकूनही एखादी आई दुसरी लस घेईल. घेऊ दे. आधीच्या डोसला बाळाला खूप त्रास झाला असेल, घरात रात्रभर जागायला दुसरं कोणी नसेल. दोन्ही लशी मान्यताप्राप्त आहेत, दोन्ही बाळाला वाचवतात, आणि कोणतीच न घेणं हा खरा धोका आहे. माझं भांडण लशीशी नाही. सरकारी केंद्रातल्या फुकटच्या लशीला ‘साधी’ म्हणून हिणवलं जातं, ती घेणाऱ्या आईला आपण बाळासाठी काहीतरी कमी केलं असं वाटायला लावलं जातं, आणि हे सगळं ज्या सिस्टरच्या तोंडून होतं तिच्यापर्यंत ही माहिती कोणी, कशासाठी आणि कोणत्या नियमाखाली पोचवली हे विचारायची सोय नाही. भांडण त्याच्याशी आहे.

माहिती पोचवणारा बहुतेक वेळा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, असतो. त्याच्यावरही मी घसरणार नाही. दुपारच्या उन्हात बॅग घेऊन तालुक्याच्या गावी उतरायचं, दवाखान्याबाहेरच्या बाकावर तासभर बसायचं आणि आत दोन मिनिटं मिळवायची, ही त्याची नोकरी. त्या तासाभरात बोलायला कोण असतं? सिस्टरच. डॉक्टरांसाठी आणलेली व्हिज्युअल एड, म्हणजे कंपनीची सचित्र माहितीपुस्तिका, तिच्यापुढेही उलगडली जाते. फ्रिजमध्ये काय शिल्लक आहे, कोणती लस संपत आली, कोणती हलत नाही, हे तिलाच ठाऊक. पुढची ऑर्डर कितीची लावायची हेही अनेक ठिकाणी तीच सांगते. विक्री कळणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या आठवड्यात समजतं. नियम करणाऱ्यांना ते अजून समजलेलं दिसत नाही.

आपल्याकडे १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागानं औषध विपणनाची नवी समान संहिता काढली. तिच्यात चांगलं बरंच आहे. कोणत्याही औषधाला दुष्परिणामच नाहीत असं सरसकट म्हणता येणार नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द मोघम वापरता येणार नाही. बाजारात येऊन वर्ष उलटलेल्या औषधाला ‘नवं’ म्हणता येणार नाही. एमआरला भेट मिळवण्यासाठी पैसे किंवा आमिष देता येणार नाही. भेटवस्तू बंद. पण पुढे आर्थिक लाभाचं कलम येतं आणि त्यात शब्द असे आहेत: औषध लिहून देण्यास किंवा पुरवण्यास पात्र असलेली व्यक्ती. नमुन्यांचं कलम तर फक्त लिहून देण्यास पात्र असलेल्यांपुरतं. आता सांगा, सिस्टर यात कुठे बसते? ती लिहून देत नाही. कायद्याच्या अर्थानं पुरवतही नाही. ती टोचते, समजावते, सुचवते, मागवते. यातलं एकही क्रियापद त्या वाक्यात नाही. भेटवस्तूच्या वाक्यात ‘आरोग्य व्यावसायिक’ असा रुंद शब्द आहे हे खरं. पण नेमका पैशाचा प्रश्न येतो तिथे दार लिहिणाऱ्यापाशी आणि पुरवणाऱ्यापाशी थांबतं. उद्या एखाद्या कंपनीनं महिन्याला इतक्या व्हायलमागे सिस्टरला इतके रुपये अशी योजना आणली, तर वकील याच वाक्यावर बोट ठेवून उभा राहील.

डॉक्टरांना निदान तीन कुंपणं आहेत. २००२ च्या आचारनियमांत २००९ साली दुरुस्ती होऊन कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सांगितलं की डॉक्टरांना वाटलेल्या भेटींचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजा दाखवता येणार नाही. आणि तिसरी ही संहिता. तिन्ही कुंपणं डॉक्टरांच्या खुर्चीभोवती आहेत, आणि खुर्चीच्या बाहेर फ्रिजशेजारी उभ्या असलेल्या बाईचा विचार तिन्ही ठिकाणी दुय्यम आहे.

ब्रिटननं हा प्रश्न निदान नावानिशी हाताळला. तिथे १९५८ पासून औषध कंपन्यांच्या संघटनेची आचारसंहिता आहे. तिच्या व्याख्येत आरोग्य व्यावसायिक म्हणजे जो आपल्या कामाचा भाग म्हणून औषध देतो, लिहितो, खरेदी करतो, सुचवतो किंवा पुरवतो तो. परिचारिका त्यात नाव घेऊन आहेत. म्हणजे लिहून देण्याचा अधिकार नसलेल्या परिचारिकेला लशीबद्दल सांगायला कंपनीला मुभा आहे, कारण ती लस देते आणि सुचवते. पण मुभेबरोबर ओझंही येतं. डॉक्टरला जे कागद दाखवावे लागतात तेच तिलाही. दुष्परिणामांसकट पूर्ण माहिती जोडावी लागते. औषध नवं आणि जास्त देखरेखीखाली असेल तर काळा त्रिकोण छापावा लागतो. विपरीत परिणाम कुठे कळवायचा तेही लिहावं लागतं. आणि सांगण्याला एक मर्यादा आहे: जिच्या कामाशी त्या माहितीचा संबंध आहे असं रास्तपणे म्हणता येईल तिलाच. लसीकरण न करणाऱ्या परिचारिकेच्या हातात लशीची पत्रकं कोंबता येत नाहीत.

तिथली पद्धत थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण परिचारिकेच्या हातात किती असतं ते त्यातून दिसतं. ब्रिटनमध्ये सगळ्या लशी डॉक्टरी चिठ्ठीच्या औषधांत मोडतात, त्यामुळे सामान्य लोकांपुढे त्यांची जाहिरात करता येत नाही. सरकारमान्य लसीकरण मोहीम तेवढी अपवाद. पण दर बाळामागे, दर प्रवाशामागे डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची तर रांग गल्लीपर्यंत जाईल. म्हणून २००० सालापासून लेखी गट-निर्देशांची कायदेशीर सोय आहे. अमुक वयाच्या, अमुक अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही अमुक लस द्यावी, असा निर्देश तयार होतो. त्याच्यावर डॉक्टर आणि औषधनिर्माता सही करतात, संस्था मान्यता देते आणि ज्या परिचारिकांची त्यात नोंद आहे त्या स्वतः तपासून स्वतः टोचतात. हे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. २००६ पासून जादा शिक्षण घेतलेल्या परिचारिका जवळपास सगळी औषधं स्वतः लिहू शकतात. त्यामुळे एकाच दवाखान्यात शेजारशेजारी दोन परिचारिका असतात, एक लिहू शकणारी, एक न लिहू शकणारी. प्रौढांची फ्लूची लस इंग्लंडमधले दवाखाने स्वतः कंपनीकडून मागवतात आणि ही मागणी ठरवताना परिचारिकेचा शब्द चालतो. मग लिहू शकत नाही म्हणून दुसरीला नियमाबाहेर ठेवणं म्हणजे तिच्याशी काहीही बोलायला मोकळं रान देणं. ब्रिटिश संहितेनं दोघींना एकाच छताखाली घेतलं, हे मला योग्य वाटतं.

नमुन्यांच्या बाबतीत मात्र त्याच संहितेनं हात आखडता घेतला आहे. मोफत नमुना फक्त लिहून देण्यास पात्र असलेल्यालाच मिळतो. माहिती रुंद, माल अरुंद. हीच विभागणी हवी. माहिती जितक्या जाणत्या हातांत जाईल तितकी बरी, आणि माल मात्र ज्याच्या सहीचा जाब विचारता येईल त्याच्याच हाती. पेन, मग, नोटपॅड असल्या जाहिरातीच्या वस्तू तिथे २०११ पासून बंद आहेत. संहितेचा गंभीर भंग झाला तर कंपनीचं नाव डॉक्टरांच्या आणि औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकांबरोबर परिचारिकांच्या व्यावसायिक नियतकालिकांतही छापलं जातं. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. ज्या बाईला चुकीचं सांगितलं गेलं, तिच्याच वाचनात ते नाव येतं.

ब्रिटनचं सगळं आलबेल आहे असं नाही. संहिता कंपन्यांच्या संघटनेची, तिची अंमलबजावणी करणारी यंत्रणाही त्याच घरातली. पाठीशी २०१२ चे औषधविषयक नियम आहेत म्हणून तिला दात आहेत. आपल्याकडेही तक्रार जाते ती कंपन्यांच्या संघटनांच्याच नैतिकता समित्यांकडे. चोरीची तक्रार चोराच्या भाऊबंदांनी ऐकायची, ही पद्धत मला दोन्ही देशांत मान्य नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: सिस्टर लिहीत नाही ना, मग एमआरनं तिच्याशी बोलूच नये. ऐकायला स्वच्छ वाटतं. त्यात सिस्टरला काही कळायची गरज नाही असं गृहीत धरलेलं आहे, आणि ते मला अपमानास्पद वाटतं. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची हे पाळतं कोण? ॲल्युमिनियमची क्षारं असलेली लस एकदा गोठली की वाया जाते, ती फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही, हे लक्षात कोण ठेवतं? गोवराची लस द्रवात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. टोचल्यावर बाळाला अर्धा तास बसवून ठेवायचं. रात्री ताप आला की आईचा फोन कोणाला येतो? डॉक्टरांचा फोन बंद असतो, सिस्टरचा चालू असतो. अशा बाईला माहितीपासून दूर ठेवणं बाळाच्याच मुळावर येईल. एखादा प्रामाणिक एमआर फ्रिजमधला थर्मामीटर बदलून देतो, व्हायलची तारीख कशी वाचायची ते दाखवतो. छोट्या गावात कित्येकदा तेवढंच प्रशिक्षण तिला मिळतं, आणि ही लाज कंपनीपेक्षा आपली जास्त आहे.

फ्लूच्या लशीचंच बघा. तीन प्रकारच्या विषाणूंविरुद्ध असलेली लस जाऊन चार प्रकारांची आली, तेव्हा चार म्हणजे तिनापेक्षा जास्त हे काउंटरवर पटवणं सोपं होतं. पण चौथा जो, बी-यामागाता नावाचा, तो मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीनं सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की तो आता लशीत ठेवायची गरज नाही. देश पुन्हा तिनावर यायला लागले. ही बातमी तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरला कोण सांगणार? चार विकणारा आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवणं मूर्खपणाचं आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा कोणी माणूस खासगी दवाखान्याची पायरी चढत नाही. डॉक्टरांच्या परिषदेला सिस्टरला बोलावत नाहीत. राहिला कोण?

सरकारी बाजूची एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका, या बाबतीत खासगीतल्या सिस्टरपेक्षा पुढे आहे, हे खुलेपणानं म्हणायला हवं. तिला प्रशिक्षण मिळतं, तिच्यापुढे एक वेळापत्रक असतं, तिला काही विकायचं नसतं. उपकेंद्रात फॅन बंद असेल, गर्दी असेल, पण “ताप येईल, घाबरू नका, ही गोळी अशी द्या, गाठ चोळू नका” हे ती प्रत्येक आईला सांगते. ताप येईल हे आधी सांगणारी आणि ताप येतो म्हणून दुसरी लस खपवणारी, या दोघींचं शिक्षण कित्येकदा फारसं वेगळं नसतं. शिकवणारा मात्र वेगळा असतो.

खासगीत आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल सगळे कुजबुजतात आणि लिहीत कोणी नाही. आपण जिला सिस्टर म्हणून हाक मारतो ती नोंदणीकृत परिचारिका असतेच असं नाही. बारावी झालेली, दवाखान्यातच शिकलेली, हाताला हलकी म्हणून नाव मिळवलेली मुलगी असते. १९४७ च्या परिचारिका परिषदेच्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा संमत झाला, पण जिचं नावच कोणत्या नोंदवहीत नाही तिच्यापर्यंत तो पोचणार कसा? म्हणून व्याख्या पदवीवर बांधून चालणार नाही, कामावर बांधावी लागेल. दवाखान्यात लस हाताळणारी, तिच्याविषयी रुग्णाला सांगणारी किंवा ती मागवण्यात भाग घेणारी कोणीही व्यक्ती, अशी. नोंदणी नसलेल्या मुलीला टोचायला लावणं हा डॉक्टरांचा वेगळा गुन्हा आहे आणि तो वेगळा धरला पाहिजे. पण तो पकडला जाईपर्यंत तिच्याशी कंपनीनं काहीही बोलावं, काहीही द्यावं, हे चालणार नाही.

डॉक्टरांनाही एक थेट प्रश्न. तुमच्या काउंटरवर काय बोललं जातं ते तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? ‘पेनलेस’ हा शब्द तुम्ही सिस्टरला शिकवला नसेल, पण तुम्ही तो थांबवलाही नाही. खासगी लशीत दवाखान्याला सुटतं किती आणि सरकारी केंद्रात पाठवलेल्या बाळामागे सुटतं किती, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. फुकट पेंटा जवळच्या केंद्रात मिळते आणि ती उत्तम लस आहे, एवढं एक वाक्य तुमच्या भिंतीवर लावायला कोणत्याही संहितेची वाट बघावी लागत नाही. तुमच्यातले काही जण ते लावतात, मी बघितलं आहे, आणि त्यांच्या दवाखान्याला कुलूप लागलेलं नाही.

औषधनिर्माण विभागाला करायचं काम फार मोठं नाही. लाभाच्या कलमात ‘लिहून देण्यास किंवा पुरवण्यास’ यापुढे ‘टोचण्यास, सुचवण्यास किंवा मागवण्यास’ हे शब्द घालायचे. सिस्टरला दाखवलेली प्रत्येक व्हिज्युअल एड डॉक्टरांना दाखवलेलीच असली पाहिजे, तिच्यासाठी वेगळी गुळगुळीत आवृत्ती नको, आणि मागच्या पानावर दुष्परिणाम, संरक्षण किती टिकतं आणि सरकारी केंद्रात हीच किंवा पर्यायी लस फुकट मिळते का, हे मराठीत छापलेलं असावं. नमुने डॉक्टरांपुरतेच राहू द्या. राज्याच्या आरोग्य विभागानं खासगी दवाखान्यांतल्या लस हाताळणाऱ्या प्रत्येकीला वर्षातून एक दिवस, पगारी सुट्टी धरून, प्रशिक्षणाला बोलवावं. शिकवायला अनुभवी एएनएम ठेवावी, जिला काही विकायचं नाही.

आणि तक्रारीची सोय सिस्टरला वापरता येईल अशी हवी. मराठीत, मोबाइलवरून, नाव गुप्त ठेवून. कारण तिला एमआरची तक्रार करायची म्हणजे अनेकदा आपल्याच डॉक्टरांच्या मर्जीतल्या माणसाची तक्रार करायची असते, आणि पहिल्या तारखेचा पगार त्याच टेबलावरून मिळतो.